‘वारणे’ आणि ‘राहणे’

आश्रमातील प्रातःकाळच्या पाठात लीळाचरित्राचे वाचन चालले होते. वाचता वाचता ‘वारिलें’ हे क्रियापद आले आणि नुकताच शास्त्राभ्यासास बसलेला एक विद्यार्थी दचकून विचारता झाला, “बाबा, कोण वारले?” मंडळी हसली. पाठ सांगणारे महंतबाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “येथे कोणी वारले नाही. येथे वारिले आहे,” आणि पाठ पुढे चालू झाला.

त्या मुलाचा दोष नव्हता. ज्या घरात तो वाढला, तेथे वारणे हा शब्द एकाच प्रसंगी उच्चारला जातो आणि तोही आवाज खाली आणून. म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या त्या तेराव्या शतकात याच शब्दाचा नित्याचा अर्थ निराळा होता. एखादा काही अयुक्त करू पाहत आहे, त्यास थोपविणे, निषेधिणे, म्हणजे वारणे. पोथी वाचणाऱ्या जुन्या मंडळींस हा अर्थ सांगावा लागत नाही. तरीही त्या दिवसापासून या क्रियापदाचा आणि त्याच्या शेजारी वारंवार येणाऱ्या दुसऱ्या एका क्रियापदाचा विचार प्रस्तुत लेखकाच्या मनात राहून राहून येत आहे. तो विचार केवळ शब्दार्थाचा असता तर येथे मांडण्याचे कारण नव्हते. दुसऱ्यास वाईटापासून थांबविणे म्हणजे नेमके काय करणे, हा आचाराचा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

वारणे याच्या मुळाशी वृ हा धातू आहे. झाकणे, वेढणे, आड येणे असा त्याचा भाव. निवारण, आवरण, अनिवार, दुर्निवार ही त्याचीच संतती. घर आवरणे, रडू आवरणे यांतील आवरणे आणि पडणाऱ्यास सावरणे, यांतही तोच धातू उपसर्ग लेवून आलेला आहे. छत्रीला संस्कृतात आतपवारण असा एक शब्द आहे, तो येथे फार उपयोगाचा आहे. छत्री ऊन थांबवीत नाही. ऊन पडतच असते. छत्री केवळ मध्ये येते, आणि मिटली की ऊन होते तेथेच असते. वारण्याचा स्वभाव या एका शब्दात पुरता दिसतो. वारणारा मध्ये उभा आहे तोवर क्रिया थांबलेली असते. तो बाजूस झाला की ज्यास वारले त्याची इच्छा जशी होती तशीच पुढे येते.

वारण्यात नेहमी दोघे लागतात. एक वारणारा, एक वारला जाणारा. कोणीही स्वतःस वारीत नाही. स्वतःस आवरतो.

आता दुसरे क्रियापद. आजच्या मराठीत राहणे म्हटले की प्रथम घर आठवते. “आपण कोठे राहता?” हा आपला ओळखीचा पहिला प्रश्न. जुन्या मराठीत मात्र राहणे म्हणजे थांबणे. चालणारा राहिला, बोलणारा राहिला, वाद राहिला. हा अर्थ मेलेला नाही, केवळ आपले लक्ष तिकडे जात नाही. आजही खेड्यात “पाऊस राहिला” म्हणतात तेव्हा पाऊस उघडला असाच अर्थ असतो. गुजरातीतही पाऊस थांबला हे सांगताना हेच क्रियापद योजतात, आणि सर्वज्ञांचा पूर्वाश्रम गुर्जर देशातला हे लक्षात घेता ही गोष्ट आपल्या पंथीयांस अधिक गोड वाटावी. वाटेने जाणाऱ्यास हाक मारून “उभा राहा” म्हणतात ते त्यास थांबविण्यासाठीच. रडणाऱ्या लेकराला आई “उगी, उगी” म्हणते. ते ‘उगी राहा’ याचेच अर्धे उरलेले रूप होय. पाहुणा पानातले वाढणे थांबवितो तेव्हाही “राहू द्या” असेच म्हणतो.

परंतु याच क्रियापदाचा नेमका उलट उपयोगही आपण करतो. ‘तो वाचीत राहिला’ म्हणजे वाचणे चालूच ठेवले. ‘त्याचे वाचायचे राहिले’ म्हणजे वाचणे झालेच नाही. ‘पोर रडत राहिले’ आणि ‘पोर रडायचे राहिले’ या दोन वाक्यांत क्रियापद एक, आणि एका वाक्यात रडणे चालू, दुसऱ्यात बंद. परभाषक मनुष्य मराठी शिकताना येथे अडखळतो आणि आपणांस हसू येते. वस्तुतः हसण्यासारखे यात काही नाही. एकाच शब्दाने चालू ठेवणे व थांबविणे हे दोन्ही कसे सांगता येते, याचे उत्तर आपण तरी कधी दिले आहे?

आमच्या अल्प मतीस उत्तर असे दिसते. राहणे याचा मूळ भाव चालूही नाही आणि बंदही नाही. जेथे आहे तेथे असणे, तेथून पुढे न सरणे, एवढाच तो भाव. मनुष्य क्रियेच्या आत असेल आणि तेथेच असेल, तर ती क्रिया चालू राहते. मनुष्य क्रियेच्या अलीकडे असेल आणि तेथेच असेल, तर ती क्रिया करायची राहते. म्हणजे राहणे हे क्रियेविषयी काही सांगतच नाही, ते कर्त्याच्या ठिकाणाविषयी सांगते. ‘बोलल्याशिवाय राहत नाही’ या प्रयोगात हे स्पष्ट आहे: बोलण्याच्या अलीकडे टिकून असणे त्यास जमत नाही. आणि ‘राहवेना’ या शक्यार्थक रूपात तर मनाच्या असंयमाचे सर्व शास्त्र आले आहे. राहवेना म्हणजे बाहेरच्या कोणी ओढले असे नव्हे, स्वतःपाशी टिकता आले नाही.

आज थांबविण्यासाठी आपण जे शब्द योजतो त्यांत ही सोय नाही. थांबणे हे स्तंभ याच्याशी नाते सांगते. खांबासारखे ताठ होणे त्यात आहे. बंद करणे फारसीतून आले आणि त्यात दाराची कडी ऐकू येते. मनाई अरबीतून आली, ती कचेरीच्या भिंतीवर सक्त हे विशेषण लावून बसलेली असते, आणि तिच्या पाटीखालीच लोक थुंकलेले असतात.

या दोन क्रियापदांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. वारणे हे आजच्या व्यवहारात मृत्यूच्या घरी गेले. ‘ते वारले’ हाच त्याचा एकमेव चालू प्रयोग. निवर्तणे म्हणजे मागे वळणे, तेही तेथेच गेले. ‘ते निवर्तले’ म्हणजे वारले. राहणे मात्र जगण्याच्या घरी आले. राहता घर, राहणी, राहणीमान, जिवंत राहणे, गर्भ राहणे. शब्दांच्या दैवातून सिद्धांत काढू नये हे आम्ही जाणतो. तरी ज्यात दुसऱ्यास अडविणे होते तो शब्द मरणाकडे गेला आणि ज्यात स्वतः टिकणे होते तो संसाराकडे आला, हे एकदा दिसल्यावर विसरता येत नाही.

येथवर शब्दांची कथा झाली. ज्या प्रसंगामुळे ती आम्हांस केवळ शब्दांची वाटत नाही, तो आता सांगतो.

वऱ्हाडातील आमच्या गावी आखाडात गावदेवीपुढे बोकड देण्याची चाल होती. आमच्या घरी पंथाचा उपदेश असल्याने या गोष्टीचा तिटकारा बालपणापासून होता. १९७९ साली आम्ही आठ-दहा तरुणांनी ठरविले की या वर्षी हे होऊ द्यायचे नाही. पोलीस पाटलांच्या कानावर आधीच घातले आणि त्या दिवशी देवळापुढे हातात हात घालून उभे राहिलो. एक गरीब कास्तकार बोकड घेऊन आला. आदल्या वर्षी त्याचा मुलगा विषमज्वरातून उठला होता आणि त्या मुलासाठी दरसाल एक बोकड देण्याचा नवस होता. त्याने आमच्याकडे पाहिले, एक अक्षर बोलला नाही, आणि बोकडाची दोरी ओढीत परत गेला. आम्ही जयजयकार केला. त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकाने ‘अहिंसा’ या विषयावर छोटेखानी भाषणही केले. ते भाषण कोणी केले हे सांगण्याची आवश्यकता नाही. ते प्रस्तुत लेखकानेच केले.

त्याच रात्री त्या कास्तकाराने आपल्या शेताच्या धुऱ्यावर बोकड कापला. पुढच्या मंगळवारी आणखी एक कापला. देवीच्या दारातून नवस परत आला, तिचा कोप होऊन मुलाला काही होऊ नये, म्हणून तो दुसरा. आमच्या वारण्याने एक जीव वाचला नाही, एक अधिक गेला. हे कळल्यावर आम्हांस प्रथम राग आला. त्याने आमची फसवणूक केली, असे आम्ही एकमेकांस म्हणालो. त्याने आम्हांस कोणते वचन दिले होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

१९८० च्या उन्हाळ्यात एक वृद्ध तपस्विनी अटन करीत आमच्या गावी आल्या. गावाबाहेरच्या झाडाखाली त्यांचे आसन असे आणि दुपारी त्या गावात भिक्षेस येत. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना गतवर्षीचा पराक्रम सांगितला आणि मग जे घडले तेही सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “वारले ते ठीक केले, बाबांनो. मग त्याच्या घरी कधी गेलात?” आम्ही कोणीच गेलो नव्हतो. त्या मात्र गेल्या. इतर घरी जात तशाच त्याच्याही घरी भिक्षेस गेल्या. त्या घरच्या बाईने त्यांना मुलाच्या आजाराचे सर्व सांगितले. ते किती रात्री जागले, काय काय विकले, वैद्य काय म्हणाला, दवाखान्यात काय झाले. हे आम्हांस नंतर त्या बाईकडूनच कळले. तपस्विनी ऐकत बसल्या. मुलाला जवळ बसवून त्याची विचारपूस केली. बोकडाचा विषय त्यांनी काढला नाही. पाच-सहा दिवसांनी त्या पुढच्या गावी निघून गेल्या.

त्या आखाडात त्याने पुन्हा एक बोकड दिला. आम्ही त्या वर्षी आड गेलो नाही. घरात बसून डफड्याचा आवाज ऐकला.

१९८१ साली तो आला नाही. देवळापाशीही नाही, धुऱ्यावरही नाही. काही दिवसांनी बांधावर भेटला तेव्हा आम्ही भीत भीत विचारले, “यंदा देवीचे?” तो बैलाच्या मानेवरील जू नीट करीत म्हणाला, “राह्यलं भाऊ ते.”

त्याने ‘सोडलं’ म्हटले नाही, ‘बंद केलं’ म्हटले नाही. सोडण्यात त्यागाचा अभिमान असता, बंद करण्यात देवीशी भांडण असते. ‘राह्यलं’ यात दोन्ही नव्हते. विस्मरणाने राहिले की निश्चयाने राहिले हेही त्या शब्दाने सांगितले नाही, आणि आम्हीही पुढे विचारले नाही. तो जेथे होता तेथेच होता, तेच घर, तोच मुलगा, तेच शेत. क्रिया तेवढी त्याच्यापासून दूर पडली होती. नंतरही त्याने बोकड दिल्याचे कधी ऐकिवात आले नाही.

ही हकीकत येथे संपविली तर वाचकांस बरे वाटेल, परंतु ती अप्रामाणिकपणा होईल. कारण १९८० चा बोकड मध्ये उभा आहे. मनुष्य आपण होऊन राहावा म्हणून वाट पाहणे सुंदर दिसते. पण त्या वाट पाहण्याची किंमत वाट पाहणारा देत नाही, ज्याच्या मानेवर सुरी आहे तो देतो. बोकडास वारणे आणि राहणे यांच्यातील तारतम्य काय होय? त्याला त्या दिवशी जगावयाचे होते. कुऱ्हाड उगारलेल्या मनुष्यापुढे, विहिरीकडे रांगणाऱ्या लेकरापुढे कोणी शब्दांची मीमांसा करीत बसत नाही. तेथे आड येणे हाच धर्म. मग हिंसेच्या प्रसंगी, ती पशूची आहे म्हणून, आड येण्याचा धर्म शिथिल कसा होईल? अहिंसा, निःसंग, निवृत्ती आणि भक्तियोग हे आपल्या आचारधर्माचे आधार सांगितले जातात. त्यांत अहिंसा पहिली आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस सशाच्या लीळेचा आधार वाटतो. लीळा सर्वांस ठाऊक आहे. पारध्यांनी पाठीस लागलेला ससा सर्वज्ञांच्या जानूखाली येऊन दडला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. सर्वज्ञांनी शरण आलेल्याचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला, आणि शेवटी पारधी ससा न घेताच निघून गेले. या लीळेचे निरूपण करताना आपण बहुधा सशाकडे पाहतो, त्याची शरणागती वर्णितो, आणि ते योग्यच आहे. आता पारध्यांकडे पाहावे. सशाच्या आणि त्यांच्या मध्ये जानू होते. ते वारण होय. ते नसते तर पुढचे बोलणे ऐकण्यास ससा उरला नसता. पण सर्वज्ञांचे कार्य त्या जानूवर संपले नाही. पारध्यांना त्यांनी हाकून दिले नाही, त्यांच्याशी बोलणे केले. ससा जानूने वाचला, पारधी बोलण्याने राहिले. एकाच आसनावर बसून एकाच वेळी दोन्ही घडले.

आमच्या गावी जे बिघडले ते येथे ध्यानात येते. १९७९ साली आम्ही नुसते आड आलो आणि त्या मनुष्याकडे पाठ फिरविली. १९८० साली नुसते दूर राहिलो आणि त्याला मोठ्या समजुतीचे नाव दिले. पहिल्या वर्षी जानू होते, बोलणे नव्हते. दुसऱ्या वर्षी बोलणे दुसऱ्या कोणी केले होते आणि जानू कोणाचेच नव्हते. त्या वर्षी आम्ही आड यावयास हवे होते, असे आम्हांस आज वाटते. आड येऊन, नंतर त्याच्या ओसरीवर जाऊन बसावयास हवे होते, आणि त्याने बसू दिले नसते तर दारात उभे राहावयास हवे होते. वारणे हे ज्याची हिंसा होत आहे त्याचे देणे आहे. राहणे घडविणे हे जो हिंसा करीत आहे त्याचे देणे आहे. एक फेडल्याने दुसरे फिटत नाही.

काही ज्येष्ठ म्हणतात की शास्त्रातील निषेधवचने हे वारणेच आहे, मग वारण्यास उणे का लेखावे? आम्ही उणे लेखीत नाही. परंतु निषेध सांगताना मराठीने कोणते रूप निवडले आहे तेही पाहावे. ‘करू नये’ यातील नये हे ‘न ये’ होय, येत नाही. मी तुला करू देत नाही, असे ते म्हणत नाही. ते करणे येत नाही, जुळत नाही, असे म्हणते. त्यात आड उभा असलेला कोणी नाही. ऐकणाऱ्याने स्वतःच पाहावे की हे आपल्यास येत नाही. म्हणून निषेधाचे वचनही, नीट ऐकले तर, मनुष्यास राहण्याकडेच नेते. केवळ भीतीने ऐकले तर ते छत्री होते, आणि छत्री मिटण्याची वाट पाहिली जाते. परगावी गेल्यावर कोणी पाहत नाही तेथे नियम ढिले होतात, ते याच कारणाने.

येथे एक गोष्ट मनास फार लागते. व्रतस्थास एके ठिकाणी वसती करून राहणे नाही. त्याने नित्य अटन करावे, गावाचा, घराचा, ओळखीचा संग जडू देऊ नये. ज्यास कोठेच राहावयाचे नाही, त्यासच विजनात बसून राहणे शिकावे लागते. झाडातळी बसलेल्या साधकाचे मन गावाकडे निघते, भिक्षेच्या घरांकडे निघते, कोणी बोललेल्या उण्या शब्दाकडे निघते. त्यास वारणारे तेथे कोणी नसते. आणि मनास आपणच अडवू गेले तर अडविणारा एक व अडविला जाणारा एक असे दोघे होऊन भांडत बसतात, हा अनुभव अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास आहे. नामस्मरणाने मन नामापाशी राहते तेव्हा जावयाचे राहते. एकच क्रियापद, दोन्ही अर्थ एका वेळी.

त्या तपस्विनी पुन्हा आमच्या गावी आल्या नाहीत. त्यांच्या जाण्याने काय राहिले हे त्यांना कोणी कळविले असेल, असे वाटत नाही. अटन करणाऱ्यास निरोप पोचविणे सोपे नसते.

पाठातील त्या विद्यार्थ्याने आपल्या वहीच्या समासात ‘वारिलें – थांबविले’ असा अर्थ लिहून घेतला आहे. तो अर्थ चूक नाही. पुढे ‘राहिले’ आले तेव्हा त्याने तेथेही ‘थांबले’ असेच लिहिले, आणि तेही चूक नाही. या दोन थांबण्यांतील भेद त्यास पाठातच सांगावा, की तो त्याच्या त्यास दिसू द्यावा, याविषयी महंतबाबांचे आणि आमचे अजून एकमत झालेले नाही. ज्येष्ठ शास्त्राभ्यासकांस लीळांतील या क्रियापदांचा याहून निराळा अन्वय दिसत असल्यास तो त्यांनी अवश्य कळवावा. दंडवत.